बांधलेली वाट

जांभळीच्या कोंडाकडे जाणारी वाट रोज संध्याकाळी चिंधी बांधायची. बांधायची म्हणजे काय, तर करवंदीची एक काटेरी फांदी तोडून वाटेवर आडवी टाकायची आणि माघारी फिरायचं. एवढंच. बकरीनेसुद्धा हुंगून बाजूला सारली असती अशी ती फांदी. पण माथेरानच्या डोंगराखाली, कर्जतच्या अंगाला असलेल्या त्या ठाकरवाडीत ती ओलांडून गेलेला माणूस कुणाच्या आठवणीत नव्हता. वाडीला विहीर नव्हती. होळी झाली की ओहोळ आटायचे आणि सगळ्या रानात पाणी उरायचं ते या एका कोंडात, कातळाच्या पोटात. दिवसा ते वाडीचं, आणि उन्हं कलली की जनावरांचं. सकाळी चिंधी फांदी बाजूला करायची आणि मग बायका मडकी घेऊन आत जायच्या.

वाडी काही साधुसंतांची नव्हती. ससा, रानकोंबडी, डुक्कर, जे मिळेल ते मारून खायची. पण तहानेलं होऊन पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही, हा नेम होता. दुसरा नेम वाट बांधणाऱ्याचा. जो वाट बांधतो तो सगळ्यांत आधी बाहेर राहतो. चिंधीची सासू वाट बांधायची तेव्हा एकदा तिचं पाण्याने भरलेलं मडकं आतच राहिलं. फांदी टाकून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. घरात धाकटी पोर तापाने फणफणलेली, पाण्याचा थेंब नाही. म्हातारी शेजारणीकडून तांब्याभर पाणी उसनं घेऊन आली, पण आपल्याच हाताने टाकलेली फांदी तिने ओलांडली नाही. पुढे सासू गेली, नवरा गेला आणि वाट चिंधीच्या हाती आली. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवायची नाही. लग्नाच्या मांडवात तिला पुढे बसवायचे, भांडण झालं की तिचा शब्द शेवटचा.

मग बंदुका आल्या. माथेरानची छोटी गाडी सुरू होऊन वीसेक वर्षं झाली होती. डोंगरावर बंगले वाढले, हॉटेलं वाढली आणि थंड हवा खाऊन कंटाळलेल्या माणसांना संध्याकाळी करायला काहीतरी हवंच असतं. दोन उन्हाळे ही मंडळी नेरळच्या बाजूने कोंडावर उतरली. त्यांना फांदी दिसलीसुद्धा नसेल. झाडावर बसून त्यांनी पाण्यावर आलेलं सांबर मारलं, शिंगं घेतली आणि धड तिथेच टाकलं. ते पाण्यात कुजलं. आठ-दहा दिवस वाडी पाणी उकळून नि गाळून प्यायली, तरी वास जाईना. चिंधी बंदुकीसमोर फांदी घेऊन उभी राहिली होती. एकाने तिला हसून खाऊची पुडी दिली. त्या पुडीची आठवण आली की वर्षभर तिचं डोकं तडकायचं.

अशा वेळी गुप्ते वकील आले, म्हणून ते देवासारखे वाटले. त्यांना आणलं चिंधीच्या भावाने. लडकू आई गेल्यावर बहिणीचा पदर धरून तिच्या सासरी आला आणि तिथेच वाढला. तिने त्याला पोरासारखं वाढवलं, लग्न लावून दिलं. हंगामात तो माथेरानला हातरिक्षा ओढायचा. वकिलांचा वर बंगला होता. चढणीवर लडकू त्यांना कोंडाच्या गोष्टी सांगायचा आणि ते रिक्षातून उतरून पायी चालत ऐकायचे. लडकूला याचंच फार वाटे. "माजा सायेब चढनीला उतरतो," असं तो वाडीभर सांगत सुटला होता.

वकील वाडीत आले, पोशाच्या अंगणात घोंगडीवर बसले, नाचणीची आंबील प्यायले. चिंधीला ते 'चिंधीबाई' म्हणाले. तिला तोवर कुठल्याही पांढऱ्या धोतराने बाई म्हटलेलं नव्हतं. वकील म्हणाले, "ही शिकार पाहून माझं मन विटलं आहे. आमचं बंगलेवाल्यांचं एक मंडळ आहे. आम्ही वर शब्द टाकला तर या रानात बंदूक बंद होईल. पण वाडीची संमती हवी. उद्या कुणी म्हणायला नको, की आम्हाला विचारलं नाही."

पोशा वाडीतला सगळ्यांत म्हातारा. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "बंदूक बंद व्हनार, बरं हाय. पन आमचं पानी?"

"पाणी तुमचंच. जसं चालत आलं तसंच चालेल. दिवसा तुम्ही, रात्री जनावरं."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. डोंगरावरून आलेल्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवायची वाडीला सवय नव्हती. नागू नावाचा तापट गडी उघडच म्हणाला, की बोलायला काय लागतं. तेव्हा चिंधी उठली. तिने विचार केला तो वाडीच्या रीतीने केला. माणूस खरा की खोटा हे बघायचं तर त्याच्या हाताने वाट बांधून घ्यायची. एकदा बांधली की बांधणारा अडकला. यापेक्षा मोठी शपथ तिला ठाऊक नव्हती आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असंही तिला वाटलं नाही.

"सायेब, आज काटी तुमी टाका," ती म्हणाली.

वकील खूश झाले. त्यांनी कोट काढून लडकूकडे दिला आणि करवंदीची फांदी स्वतः तोडली. काटा बोटात गेला तेव्हा सगळे हसले, तेही हसले. त्यांच्याबरोबरच्या पाहुण्याने फोटो काढला. फांदी वाटेवर आडवी पडली आणि वाडी गप्प झाली. चिंधी सगळ्यांकडे वळून म्हणाली, "आता हे आपल्यातले. यांच्यासाठी मी हुबी हाय." पोशाने मान हलवली. नागूनेही हलवली, जरा उशिराने. वकिलांनी हात जोडले. आपण कशात अडकलो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती कुणी द्यावी लागते हे वाडीला सुचलं नाही.

पावसाळा गेला, भातं कापून झाली, होळी पेटली. या खेपेला बंदुका आल्या नाहीत. खरंच आल्या नाहीत. नेरळच्या बाजूने दोघे बंदूकवाले उतरले होते, त्यांना अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं असं ऐकू आलं तेव्हा चिंधी वाडीतून ताठ मानेने फिरली. ठकी, नागूची बायको, तिला म्हणाली, "मावशे, तुजा सायेब खरा निगाला." चिंधीने तिला घरात बोलावून गूळ दिला.

आणि मग एका सकाळी ती वाट सोडायला गेली, तर वाटेवर रातोरात फाटक बसलं होतं. दोन्ही बाजूंना कोंडाच्या वरपर्यंत तारेचं कुंपण. फाटकाशी खाकी कपडे घालून लडकू उभा होता. आदल्या संध्याकाळी टाकलेली फांदी त्याने उचलून कुंपणाला टेकवून ठेवली होती, नीट, कचरा होऊ नये म्हणून.

"हे कशाला रं?" चिंधी म्हणाली. तिला वाटलं, बंदूकवाल्यांसाठी असेल.

लडकू तिच्या कपाळाकडे बघत बोलला. "बाय, आत जायाचं नाय आता. कुनीच नाय. मंडळाचा हुकूम हाय."

"कुनीच नाय म्हंजी?"

"वाडीचंबी नाय."

तिच्यामागे बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावर रिकामी मडकी. चिंधीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला कवा कळलं?"

"पावसाळ्यातच बोलले व्हते सायेब. राखनदार म्हनून मला घेतला."

पावसाळाभर तो तिच्या चुलीपुढे बसून जेवला होता. भाताची लावणी दोघांनी एका बांधावर उभं राहून केली होती. शिकारीची मंडळी पुन्हा येतील का, अशी तिने काळजी केली की तो म्हणायचा, सायेब हाय ना. चिंधी आता बोलायला गेली असती तर बायकांदेखत रडली असती, आणि ते तिला नको होतं.

वकील येतात ते तिसऱ्या प्रहरी, असं कळलं. ती फाटकाशी बसून राहिली. उन्हं उतरू लागली तेव्हा वरून मंडळी आली. वकील, त्यांच्या मागे सात-आठ पाहुणे. गोऱ्या पायांच्या दोन बायका, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, एकाच्या गळ्यात दुर्बीण. बंदूक एकाकडेही नाही. कोंडाच्या वर कारवीच्या कुडाची एक झोपडी उभी केली होती, आत बाकडी. तिथे बसून जनावरं बघायची. वकिलांनी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. फार काळजीने, हळू चालवत ते माणसांना नेत होते. चिंधीला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"चिंधीबाई, या. पाहिलंत ना, एक गोळी उडाली नाही यंदा."

"सायेब, बायांना पानी नेऊ देत नाय लडकू."

"त्याला रागावू नका, मीच तसं सांगितलं आहे." वकील तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांना असं खाली बसायची लाज नव्हती. "तुम्हीच सांगा, दिवसभर एवढ्या बायका आत आल्या की पाणी गढूळ होतं, माणसाचा वास राहतो, जनावर बुजतं. पाणी आधीच थोडं. ते या मुक्या जिवांसाठी राखायला नको?"

"आन ही मानसं?"

"ती नुसती बघतात. पाण्याला शिवतसुद्धा नाहीत. अहो, लोकांनी ही जनावरं डोळ्यांनी पाहिलीच नाहीत तर त्यांना माया कशी वाटेल? आणि ही माणसं येतात म्हणून राखण चालते. नाहीतर कुंपण कुठून आलं असतं?"

चिंधी त्यांच्या बोटाकडे बघत होती, काटा गेला होता त्या. "वाट तुमी बांधली, सायेब. तुमच्या हातानं."

"बांधली की. आणि पाळलीही."

"बांधनारा भाईर ऱ्हातो."

वकिलांना काही लागलं नाही, फक्त हे कधी ऐकलं होतं का ते आठवायचा प्रयत्न केला त्यांनी. मग समजूत काढत म्हणाले, "ती तुमची रीत, फार चांगली रीत आहे. पण मी राखणारा. राखणाऱ्याला आत जावंच लागतं." वाडीला विहीर पाडायचा विषय मंडळापुढे ठेवतो, असंही म्हणाले. पुढे तो ठेवला असेलही. विहीर काही आली नाही.

लडकूने फाटक उघडलं. मंडळी एकामागून एक आत गेली. दुर्बीणवाला पाहुणा कुंपणाला टेकवलेल्या फांदीला अडखळला, तेव्हा लडकूने ती उचलून दूर फेकली. वकील माणूस वाईट नव्हते, असं पुष्कळांनी पुढे चिंधीला सांगितलं. ते तिला ठाऊकच होतं. वाईट असते तर तिने त्यांना फांदीला हात लावू दिला नसता.

खरी शिक्षा वाडीत होती. तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत. फक्त ठकी एकदा म्हणाली, "मावशे, तू हुबी व्हतीस ना त्यांच्यासाठी," आणि मडकं उचलून चालू लागली. लग्नाच्या बैठकीला चिंधीला बोलावणं आलं ते सगळ्यांत शेवटी, आणि ती गेली तर बसायला कडेची जागा होती. लडकू रात्री आपल्या झोपडीत यायचा, पण तिच्या दारावरून जाताना खाकी सदरा काढून काखेत मारायचा. त्याची बायको पाण्याला बाहेर पडेना, बाकीच्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या.

वाडीने खालच्या ओहोळाच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा काढला. खड्डा कमरेएवढा. तळाशी पाणी यायचं ते पाझरत, वाटी वाटीने. एक मडकं भरायला एक बाई अर्धी सकाळ बसायची. रांग संपायचीच नाही. उन्हं कलली तरी दोघी-चौघी खड्ड्याच्या काठावर करवंटी घेऊन असायच्या. चिंधीने एकदा सांगून पाहिलं, की दिवे लागायच्या आधी उठा गं, रात्रीचं पानी जनावरांचं. ठकीचं पोर मांडीवर झोपलं होतं. ती म्हणाली, "आन आमचं कवाचं?" पुरेसं पाणी असतं तेव्हाच वाटून घेता येतं, आणि झिऱ्यात कुणालाच पुरेसं नव्हतं. झिऱ्याची वाट बांधायचा विचारही तिने त्या दिवसापासून सोडला. बांधायला वाटच उरली नव्हती.

कोंडावर पाहुणे वाढले. आधी आठवड्यातून दोनदा यायचे, मग रोज. कितीही गप्प बसवलं तरी माणूस खोकतो, पोर रडतं, कुणी अत्तर लावून येतं. डोंगरातून संध्याकाळी भेकराची ओरड ऐकू यायची, भुंकल्यासारखी, थांबून थांबून. ती पूर्वी कोंडाच्या बाजूने यायची. आता ती खाली सरकत चालली होती. चिंधी आपल्या दारात बसून ऐकायची. ओरड कुठून येते आणि कुठे निघाली आहे हे तिला नको असताना समजत होतं.

वैशाखातली एक संध्याकाळ. झिऱ्यावर ठकी आणि आणखी एक बाई होती. त्यांची मडकी नेऊन देण्यासाठी नागू आणि दोघे गडी काठावर बसले होते, विड्या ओढत. चिंधी आपली पाळी आली का बघायला उतरली होती. सूर्य डोंगराआड गेला आणि पलीकडच्या दरडीवरून भेकर उतरलं. मादी होती. अंग वाळलेलं, बरगड्या दिसत होत्या. ती थांबली, माणसांकडे पाहिलं आणि पळाली नाही. पळायला हवं होतं. पण ही तिची वेळ होती. जन्मल्यापासून या वेळेला पाण्यावरून माणूस उठून जात आला होता, तिच्या आईच्या वेळीही जात होता. ती उभी राहिली ती माणसं आता उठतील म्हणून. चिंधीला हे कुणी सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं हेच तर ती त्या जनावरांना सांगत आली होती.

नागूने विडी खाली ठेवली आणि कोयता हळूच हातात घेतला.

"नागू, पान्यावर आलीया ती," चिंधी दबक्या आवाजात म्हणाली.

"दिसतंय मला."

"आजवर कुनी मारलं नाय रं."

नागूने मान वळवली नाही. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "आजवर वाट बांधलेली व्हती, मावशे."

चिंधीला ओरडता आलं असतं. एक खडा फेकला असता तरी भेकर दरडीवर गेलं असतं. ती ठकीकडे बघत राहिली. ठकीच्या हातातली करवंटी थांबली होती आणि तिची नजर भेकराच्या मांसावर होती, उपाशी माणसाची असते तशी. चार दिवसांपासून त्या घरात आंबिलीवाचून काही शिजलं नव्हतं, हे चिंधीला ठाऊक होतं. आपण या लोकांना एकदा शब्द दिला होता, आता कुठल्या तोंडाने थांबवायचं, असं तिला वाटलं. तेवढ्यात दोघे गडी दरडीच्या बाजूने फिरले होते. भेकर शेवटपर्यंत पाण्याकडेच बघत होतं. फार वेळ लागला नाही.

वाटे पडले. कुठलीही शिकार झाली की पहिला वाटा वाट बांधणाऱ्या घराला, ही रीत कुणी मोडली नव्हती, आणि आजही ठकी पळसाच्या पानात तो घेऊन आली. उंबऱ्यावर ठेवला आणि जरा थांबली. "घे मावशे," म्हणाली. कित्येक दिवसांनी ती अशी मऊ बोलत होती. वाडी चिंधीला परत घेत होती. चिंधीने पान उचललं.

ती मांस शिजवत होती तेव्हा लडकू दारात येऊन उभा राहिला. खाकी सदरा अंगावरच होता, काढायचं विसरला असावा. वास त्याला आला नसेल असं नाही.

"बाय," तो म्हणाला, "आज पाव्हन्यांना येकबी जनावर दिसलं नाय. कालबी नाय. सायेब इचारत व्हते, जनावरं कुठं गेली म्हनून. मी काय सांगू?"

चिंधीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "सांग, सूर्य बुडताना आमच्याकडं आलं व्हतं येक."

लडकूला समजलं. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. एवढ्या दिवसांत त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि लगेच खाली बघितलं. त्याने सायबाला जाऊन सांगितलं असतं तर नागूला धरून नेलं असतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

"कुनी मारलं?" त्याने विचारलं.

"तू आन मी," चिंधी म्हणाली. "बस. जेव."

तिने त्याच्यापुढे पान मांडलं, भाकरी ठेवली, वर मांस वाढलं. दुसरं पान स्वतःसाठी घेतलं. लडकू जेवू लागला. चिंधीला वाटलं होतं, आपल्याला घास गिळवणार नाही. पण तोही गिळला गेला. भूक लागली होती तिला.